पाच नंबरचं पत्र

बाबांच्या पत्रांचा डबा माझ्याकडे आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकणावर कधीकाळी गुलाबाची फुलं होती. आता फुलं गेली आणि गंज राहिला. आतल्या शेवटच्या पत्रावर एक्केचाळीस नंबर आहे, पण पत्रं मोजली तर चाळीसच भरतात. चार नंतर एकदम सहा.

नंबर घालण्याची सवय बाबांना नौदलानं लावली. ते सर्जन लेफ्टनंट होते. खांद्यावरच्या दोन सोनेरी पट्ट्यांच्या मधे लाल पट्टी, ती डॉक्टरची खूण. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांना कुलाब्याच्या ‘अश्विनी’ रुग्णालयातून एका फ्रिगेटवर पाठवलं. जहाजाला घर नंबर नसतो, गल्ली नसते. पत्ता एकच : अमुक जहाज, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे. जहाज समुद्रात असलं की लिहिलेली पत्रं जहाजावरच साठायची आणि बंदराला लागलं की एकदम पोत्यात पडायची. त्यामुळे आठवं पत्र आधी आणि सहावं मागून, असा प्रकार. पोस्टमननं गठ्ठा दिला की आई तो पत्त्यांच्या डावासारखा हातात लावून घ्यायची आणि मगच वाचायला बसायची.

आम्ही दापोलीला. जुनी माणसं तेव्हाही गावाला ‘कॅम्प’च म्हणायची, कारण इंग्रजांची छावणी इथे होती आणि पेन्शनीत निघालेले शिपाई पुढे इथेच राहिले. घरात आजी, आई आणि सहावीत असलेला मी. आजीला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ती भाजी निवडायची थांबायची आणि पदरानं हात पुसून बसायची, जसा काही मुलगा समोरच येऊन उभा आहे.

पत्राची सुरुवात ठरलेली. ‘ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी.’ मराठी पत्राची ही मोठी गंमत आहे. लिहिणाऱ्याचं घर जळत असलं तरी पहिल्या ओळीत सर्व खुशालच असतं. आग लागल्याचं तिसऱ्या परिच्छेदात कळतं, तेही ‘ता. क.’मध्ये नसेल तर नशीब.

पहिली चार पत्रं मी आता वाचतो तेव्हा हसू येतं. लढाऊ जहाजावरचा डॉक्टर म्हणजे रक्त आणि पट्ट्या, असं आम्हाला वाटायचं. पत्रांत मात्र घामोळ्या, गळवं, किडलेल्या दाढा, डोळ्यात गेलेला गंजाचा कण, आणि ओकाऱ्या. दवाखाना, म्हणजे ‘सिक बे’, आमच्या माजघराच्या निम्म्यानं. एकावर एक दोन बिछाने, बाटल्या घरंगळू नयेत म्हणून कपाटाला आडव्या दांड्या. पहिल्या आठवड्यात खुद्द डॉक्टरलाच समुद्र लागला होता. ‘रुग्ण समोर, मी इकडे आणि मधे दोघांची मिळून एक बादली,’ असं तिसऱ्या पत्रात आहे. आजी ते ऐकून पदर तोंडाला लावून हसली होती. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाबद्दलही बरंच लिहिलं आहे : रविवारची पुरी-भाजी, डुलणाऱ्या जहाजात ताटं सरकू नयेत म्हणून ओलं करून घातलेलं टेबलक्लॉथ. लढाईत त्याच टेबलावर शस्त्रक्रिया करायची असते, हे मात्र पत्रात नाही. ते त्यांनी फार पुढे सांगितलं.

पाचवं पत्र माझ्यामुळे लिहिलं गेलं.

नोव्हेंबरात गावात लढाईचंच बोलणं होतं. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले होते. साध्या पत्रालाही त्यांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. शाळेत कोणीतरी म्हणालं, लढाई झाली की आधी जहाजं बुडवतात. मी घरी कोणाला न सांगता बाबांना कार्ड टाकलं : ‘जहाज बुडलं तर?’ एवढंच.

उत्तरावर २८ नोव्हेंबरची तारीख होती. ते पत्र आज माझ्याजवळ नाही, पण त्यातला शब्द न् शब्द मला येतो. ‘जहाज म्हणजे पाण्याचा हंडा नव्हे, की भोक पडलं आणि भरला. जहाज म्हणजे आजीचा मिसळणाचा डबा. आत वाट्या वेगवेगळ्या. हळदीच्या वाटीत पाणी सांडलं तर शेजारच्या मोहरीला ते लागतं का? तशाच इथे खोल्या आहेत. प्रत्येक खोलीला जाड लोखंडी दार. दार लावून खिट्ट्या फिरवल्या की एका खोलीतलं पाणी दुसरीत जात नाही. म्हणून आमचं जहाज बुडत नाही. काही होणार नाही. अभ्यास कर, शांत झोप.’ खाली चित्र काढलं होतं. लांबट होडी, तिच्या पोटात चौकोन, प्रत्येक चौकोनाला एक बारकं दार आणि सगळी दारं बंद. कडेला लिहिलं होतं, ‘हे आमच्या जहाजाचं चित्र नव्हे, कुठल्याही जहाजाचं आहे. तेव्हा पत्र तपासणाऱ्या साहेबांची हरकत नसावी.’ साहेबांची हरकत नव्हती. चित्र मिसळणाच्या डब्यासारखंच दिसत होतं.

पत्र हातात पडलं ते ६ डिसेंबरला. तोवर लढाई सुरू होऊन तीन दिवस झाले होते. खिडक्यांच्या काचांना आम्ही खाकी कागद चिकटवले होते, एसटीच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासला होता, आणि रात्री मोठी मुलं ‘दिवा घालवा’ म्हणून ओरडत आळीतून फिरायची. ४ तारखेच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी थेट कराचीपाशी जाऊन शत्रूच्या युद्धनौका बुडवल्या होत्या. गावात नुसता जल्लोष. मी नौदलातल्या डॉक्टरचा मुलगा, म्हणजे जणू निम्मी कराची मीच जाळली होती.

वर्गशिक्षकांच्या कानावर पत्राची गोष्ट गेली. ८ तारखेला, बुधवारी, परिपाठाच्या वेळी त्यांनी ते सगळ्या शाळेसमोर वाचलं. वाचण्याची हातोटी त्यांना होती. ‘म्हणून आमचं जहाज बुडत नाही’ या वाक्याला त्यांनी असा काही आवाज लावला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग पत्र व्हरांड्यातल्या फलकावर चार टाचण्यांनी लागलं. मधल्या सुट्टीत मुलं तिथे गर्दी करून चित्र बघत होती, आणि मी बाजूला उभा राहून, कोणी विचारलं नाही तरी, कुठे काय आहे ते सांगत होतो. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर एक मुलगा मागे राहिला. हर्णैच्या बाजूचा. शाळेसाठी दापोलीत मामाकडे राहायचा आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी जायचा. माझ्या मागच्या बाकावर बसायचा, पण आमचं फारसं बोलणं नव्हतं. त्याचे वडीलही नौदलात आहेत हे मला ठाऊक होतं; मात्र ते अधिकारी नव्हते, बॉयलरवर होते, म्हणून माझ्या लेखी त्याला तितकं महत्त्व नव्हतं. अकराव्या वर्षीही माणूस अशा गोष्टी बरोबर शिकून बसलेला असतो.

त्यानं विचारलं, “सगळ्या जहाजांना अशी दारं असतात?”

“सगळ्या,” मी म्हणालो. “वाच ना. कुठल्याही जहाजाचं चित्र आहे.”

“खुकरीला पण?”

“खुकरीला पण.”

तो एवढा खूश झाला की त्यानं मला खिशातली चिंच दिली.

दुसऱ्या दिवशी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून दूर ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीनं ‘खुकरी’वर पाणतीर सोडला. जहाज काही मिनिटांत बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसं वाचवण्यासाठी होईल ते केलं, स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर खाली गेले. त्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. पुढची कित्येक वर्षं आमच्या गावात नौदलाबद्दल कोणाचंही भाषण असलं की ते कॅप्टनच्या या गोष्टीवर येऊन संपायचं. गोष्ट खरी आणि मोठीच आहे. पण एकशे चौऱ्याण्णवांपैकी उरलेल्यांबद्दल बोलायला वक्त्याला वेळ उरायचा नाही.

बातमी आली. मग तार आली, ती हर्णैला. मुलाला मामा मधूनच वर्गातून घेऊन गेला. दप्तर बाकावरच राहिलं. ते पोचवायचं कोणाला सुचलं नाही.

आमच्या घरात त्या दिवसांत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाबांचं जहाज वेगळं होतं, पण समुद्र तोच होता. आई रेडिओजवळून हलायची नाही. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी इकडच्या आघाडीवरही लढाई थांबली, गावात पेढे वाटले गेले. आईनं तो पेढा देवापुढे ठेवला आणि तिथेच राहू दिला. मग एक दिवस सहा, सात, आठ आणि नऊ नंबरची पत्रं एकत्र आली आणि तिनं ती लावून न घेताच, जे हाताला लागलं ते वाचायला घेतलं.

सातव्या पत्रात बोटांची हकिगत आहे. ६ डिसेंबरचं पत्र. भोंगा झाला, सगळे आपापल्या जागी धावले, आणि दारं लावण्याच्या घाईत एका पोरसवदा खलाशाची तीन बोटं जड झाकणाखाली सापडली. बाबांनी ती जेवणाच्या टेबलावर शिवली. वरचा दिवा हलत होता म्हणून एकजण बॅटरी धरून उभा. ‘पोरगा विचारत होता, साहेब, बोटं राहतील का? मी म्हटलं, दोन राहतील, तिसऱ्याचं आत्ता सांगता येत नाही. पण टाके पुरे होईपर्यंत मी इथून हलणार नाही. मग तो गप्प पडून राहिला.’ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून बाबांचा हा नेम होता. रुग्णाला ‘काही होणार नाही’ असं म्हणायचं नाही. जे दिसतं ते सांगायचं, जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणायचं, आणि जवळ थांबायचं.

परक्या पोराला त्यांनी खरं सांगितलं होतं. मला मिसळणाचा डबा दाखवला होता.

जानेवारी सुरू झाला तसा तो मुलगा शाळेत परत आला. डोक्याचे केस काढलेले, टोपी घातलेली. त्याच आठवड्यात फलकावरून माझं पत्र नाहीसं झालं. चारही टाचण्या जागच्या जागी होत्या. म्हणजे कोणी ओढून फाडलं नव्हतं, सोडवून नेलं होतं. मला कोणी सांगावं लागलं नाही. सुट्टीत मी त्याला गाठलं. “माझं पत्र दे.”

त्यानं नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. एवढंच म्हणाला, “दारं होती ना रे?”

मी घरी आलो आणि पत्र हरवलं म्हणून सांगितलं.

जानेवारीच्या अखेरीला बाबा रजेवर आले. काळवंडलेले, गाल आत गेलेले. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरल्या, आईनं तांदळाची खीर केली. रात्री त्यांनी सहज डबा पुढे ओढला आणि स्वतःचीच पत्रं चाळायला लागले. “पाच कुठंय?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. परिपाठ, टाळ्या, चिंच, टाचण्या, दारं. बाबांनी मधे एकदाच तोंड उघडलं. “शाळेसमोर वाचलं?” आणि नंतर कितीतरी वेळ ते डब्याच्या झाकणावर नख घासत बसले.

सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं हर्णैला निघालो. आई म्हणाली होती, गणवेश घालून जा, त्यांना बरं वाटेल. बाबांनी साधा सदरा घातला. औषधांची पेटी मात्र सवयीनं हातात होती. बंदराशी उतरलो तेव्हा मासळीचा लिलाव संपत आला होता. ओल्या वाळूवर टोपल्या, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. वाडीत घर शोधावं लागलं नाही. लोक आपणहून बोट करत होते.

पुढच्या पडवीत फाटकं जाळं वळकटी करून ठेवलेलं. ती बाई चुलीपासून उठून आली. वय तीसही नसेल. मुलगा मला बघून आत गेला. बाबांनी नाव सांगितलं, आणि मग म्हणाले, “ते पत्र मी लिहिलं होतं.”

तिनं कोनाड्यातल्या देवाच्या तसबिरीमागून पत्र काढलं. तारही तिथेच होती. पत्र तिला वाचता येत नव्हतं, मुलानं वाचून दाखवलं होतं. तिनं चित्रावर बोट टेकलं.

“दार लावल्यावर पानी फुडं जात न्हाई, असा तुमी लिवलाव.”

“हो.”

“मंग माजा मानूस दाराच्या कंच्या अंगाला हुता?”

बाबा चळवळ्या स्वभावाचे. प्रश्न आला की उत्तर तयार. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना तसं पाहिलं; तोंड अर्धवट उघडं आणि शब्द नाही. बाहेर कोंबडी कोरड्या पाल्यात उकरत होती, तिचा आवाज येत राहिला.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले.

ती बघत राहिली.

“जहाजाच्या बाजूला भोक पडलं तर दारं उपयोगी पडतात. पाणतीर खाली फुटला तर जहाजाचा कणाच मोडतो. मग दारं लावून काही होत नाही. हे मला ठाऊक होतं. पोराला लिहिताना मी ते लिहिलं नाही.”

“तुमी तिथं हुता?”

“नाही. माझं जहाज दुसरीकडे होतं.”

“हितं येतो त्यो सांगतो, तुजा घो असा लढला, तसा लढला,” ती म्हणाली. “साऱ्यांना सारा ठाव आसताय.” आणि मग चुलीकडे जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं. आम्ही आल्यापासून तोवर तिनं चहाचं नाव काढलं नव्हतं.

कोरा चहा, आलं घातलेला. तो पिऊन झाल्यावर तिनं पत्र पुन्हा पुढे केलं. “ह्यात त्याची जागा खंय? बोट ठेवून दावा.”

बाबांनी खिशातली शिसपेन्सिल काढली. होडीच्या पोटात, मधल्या अंगाला, अगदी खालच्या चौकोनात एक ठिपका दिला. “बॉयलर इथे असतात. त्या वेळी पाळी असेल तर ते इथे. नसेल तर वर कुठंही. ते मला सांगता येणार नाही.”

ती कागद दाराच्या उजेडाकडे नेऊन बघत होती. “हितं गरम आसताय?”

“फार. अंगातला सदरा पिळून काढावा लागतो.”

“म्हनायचा तो तसाच,” ती म्हणाली. “म्हनायचा, गे, आपली चूल परवडली.” आणि ती हसली. अगदी थोडी.

पत्र आम्ही मागितलं नाही. तिनंही देऊ केलं नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. बाबा खिडकीशी, पेटी मांडीवर. आसूदच्या पोफळीच्या बागा मागे पडल्या तरी ते गप्पच होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, “मी ‘खुकरीला पण’ म्हणालो, ते चुकलं ना?”

“नाही. खुकरीला दारं होती,” ते म्हणाले. “दारांचं लिहिलं ते सगळं खरंच होतं. त्यातला ‘म्हणून’ तेवढा खोटा होता.”

मला तेव्हा ते कळलं नाही. मी घरी येऊन व्याकरणाच्या पुस्तकात ‘म्हणून’ शोधलं. उभयान्वयी अव्यय, असं लिहिलं होतं.

चौदाव्या पत्रापासून डब्यातला मजकूर बदलतो. नमस्कार आहे, पण ‘इकडील सर्व खुशाल’ नाही. त्या जागी थेट, ‘आज दिवसभर पोट बिघडलं होतं.’ किंवा, ‘काल रात्री कवायतीचा भोंगा झाला. कवायत आहे हे माहीत असूनही पाय कापले.’ एकात तर, ‘त्या बोटवाल्या पोराचं तिसरं बोट काढावं लागलं. मी आणखी दोन दिवस आधी काढायला हवं होतं.’ आई सुरुवातीला भडकली. “हे काय लिहितात? वाचून झोप लागत नाही मला.” चार-सहा पत्रं तिनं आजीला वाचून दाखवताना मधले भाग गाळले. मग एके दिवशी तिनं दौत-टाक काढला आणि उत्तर लिहायला घेतलं, की दिवाळीतच सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याला मार बसला, तेव्हापासून काठी घेऊन चालतात. तुम्हाला काळजी नको म्हणून इतके दिवस कळवलं नाही. बाबा रजेवर आले तेव्हा आजी त्या सगळ्या दिवसांत एका जागी बसून होती ती का, हे त्यांना अशा रीतीनं कळलं. डॉक्टर मुलगा आठ दिवस घरात होता आणि आईचा खुबा त्याला कोणी दाखवला नव्हता.

त्यावर बाबांचं जे उत्तर आलं ते सतरावं. अर्धं पान औषधोपचार आणि शेकण्याच्या सूचना. उरलेलं अर्धं कोरं.

नौदलातून सुटल्यावर त्यांनी दापोलीतच दवाखाना काढला. हातगुण चांगला होता, पण लोकांची एक तक्रार कायम असे : डॉक्टर धीर देत नाहीत. तापानं फणफणलेलं पोर घेऊन आई आली की तिला ऐकायचं असतं ‘काही होणार नाही’. बाबा म्हणायचे, “उद्या सकाळपर्यंत ताप उतरायला हवा. नाही उतरला तर रात्र असली तरी मला उठवा.” काही लोक त्यामुळेच दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. ती उणीव आमच्या कंपाउंडरनं आपल्या परीनं भरून काढली. बाहेरच्या बाकावर पुड्या बांधता बांधता तो प्रत्येकाला सांगायचा, “काय होत न्हाई हो, जावा बिनघोर.” त्याचे तो पैसे घेत नसे. बाबांना हे माहीत होतं. त्यांनी त्याला कधी टोकलं नाही. फक्त, त्यानं ज्यांना असं सांगितलं त्यांच्या घरावरून संध्याकाळी ते सायकल काढून एक फेरी मारून यायचे.

हर्णैलाही ते जात राहिले. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. पेन्शनचे कागद, सासूचा मोतीबिंदू, मुलाची फी. पत्राचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, निदान माझ्यासमोर.

तो मुलगा एसटीत ड्रायव्हर झाला आणि आता निवृत्त झाला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची आई गेली. दिवस झाल्यावर तो माझ्याकडे आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही व्हरांड्यात बसलो. आईला घेऊन तो एकदा दीवला जाऊन आला होता, ते त्यानं सांगितलं. तिथे समुद्राकाठच्या टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. सगळे लोक समुद्राकडे बघत होते आणि ही आपली काचेभोवती फिरत होती, खाली वाकून वाकून. रखवालदारानं विचारलं, आजी, काय हरवलं? तर म्हणाली, हेचा पोट दिसत न्हाई.

मग त्यानं पिशवीतून पत्र काढलं. “तुझं आहे. तेव्हा मागितलं होतंस.”

घड्यांवर कागद फाटत आला होता. बाबांची शाई तपकिरी झालेली, तरी वाचता येत होती. हळद, मोहरी, वाट्या, ‘म्हणून’. चित्रातली सगळी दारं शाबूत होती. खालच्या चौकोनातला पेन्सिलीचा ठिपका मात्र नव्हता. तो कधीच पुसला गेला असणार. त्या जागी कागद बोटाएवढा झिजून इतका पातळ झाला होता की पत्र उजेडात धरलं तर पलीकडचं अंगण दिसत होतं.

मी ते जुन्याच घड्यांवर मिटलं आणि त्याच्या पिशवीत परत ठेवलं.

“अरे, तुझ्या डब्यात नंबर लागायला हवा ना,” तो म्हणाला.

“राहू दे,” मी म्हटलं. “चहा घेणार? कोराच आहे.”